प्रो कबड्डीत दरवर्षी नवा चॅम्पियन. मग सगळे संघ खरंच बरोबरीचे आहेत का?

३१ ऑक्टोबर २०२५. दिल्लीचं त्यागराज स्टेडियम. प्रो कबड्डीच्या बाराव्या हंगामाची फायनल. दबंग दिल्ली ३१, पुणेरी पलटण २८. तीन गुणांनी कप हुकला.

अशा फायनलनंतर रील्सखाली दोन प्रकारच्या कमेंट हमखास दिसतात. पहिली, 'हीच तर मजा आहे, या लीगमध्ये कुणीही जिंकू शकतं.' दुसरी, 'सगळं सेट असतं भाऊ, नाहीतर प्रत्येक मॅच शेवटच्या मिनिटापर्यंत कशी जाते?'

गंमत म्हणजे दोन्ही कमेंट एकाच गोष्टीबद्दल आहेत. सामने चुरशीचे व्हावेत, एकच संघ वर्षानुवर्षं कप नेत राहू नये, यासाठी लीगने मुद्दाम काही नियम केलेले आहेत. त्याला सामना फिक्स करणं म्हणत नाहीत. क्रीडा अर्थशास्त्रात त्याला स्पर्धात्मक समतोल म्हणतात. तो समतोल खरोखर आहे का, असेल तर कुठे आहे, आणि त्याची किंमत कोण मोजतं, ते जरा नीट बघू. ही कल्पना मूळची आपली नाही, त्यामुळे आधी थोडं अमेरिकेत जावं लागेल.

नंदुरबारएवढं गाव आणि चार सुपर बोल

अमेरिकेत 'फुटबॉल' म्हणजे हेल्मेट घालून खेळतात तो. त्याची व्यावसायिक लीग म्हणजे एनएफएल, ३२ संघ. त्यातला एक संघ आहे ग्रीन बे पॅकर्स. ग्रीन बे हे विस्कॉन्सिन राज्यातलं शहर, २०२० च्या जनगणनेत लोकसंख्या १ लाख ७ हजार. आपल्या नंदुरबार शहराची २०११ ची लोकसंख्या सुमारे १ लाख ११ हजार होती. म्हणजे नंदुरबारपेक्षा जरा लहानच गाव.

या गावाच्या संघाने चार सुपर बोल जिंकलेत. न्यूयॉर्कच्या दोन संघांनी मिळून पाच. पॅकर्सचा कुणी अब्जाधीश मालकही नाही, पाच लाखांहून जास्त भागधारकांचा तो संघ आहे.

एवढं छोटं गाव न्यूयॉर्क, शिकागोसमोर टिकलं कसं? उत्तर १९६१ मध्ये आहे. तोपर्यंत अनेक संघ आपापले टीव्ही हक्क स्वतः विकायचे. मोठ्या शहराला मोठा पैसा, लहान गावाला चिल्लर. एनएफएलचे तेव्हाचे कमिशनर पीट रोझेल यांनी मोठ्या शहरांच्या मालकांना पटवलं की हक्क एकत्र विकू आणि पैसा सारखा वाटू. त्यासाठी अमेरिकी संसदेने त्याच वर्षी कायदाही केला. आजही तसंच चालतं. पॅकर्स दरवर्षी आपला हिशेब जाहीर करतात, त्यामुळे आकडा कळतो. २०२५ च्या आर्थिक वर्षात लीगच्या सामाईक कमाईतून त्यांच्या वाट्याला ४३ कोटी २६ लाख डॉलर आले. बाकी ३१ संघांनाही तेवढेच. त्या हंगामात एका संघाची पगारमर्यादा होती २५ कोटी ५४ लाख डॉलर. म्हणजे एकही तिकीट विकलं नाही तरी खेळाडूंचे पगार भागतात.

दुसरं हत्यार ड्राफ्ट. कॉलेजमधून येणारे नवे खेळाडू निवडताना सगळ्यात वाईट कामगिरी केलेल्या संघाला पहिला नंबर. हे १९३६ पासून. तिसरं पगारमर्यादा. १९९४ पासून प्रत्येक संघ खेळाडूंवर ठरलेल्या रकमेपेक्षा जास्त खर्च करू शकत नाही.

इतकं सगळं करूनही समतोल आला का? अर्धाच. न्यू इंग्लंड पेट्रियट्सने २००२ ते २०१९ या काळात सहा सुपर बोल जिंकले. कॅन्सस सिटी चीफ्सने २०२० ते २०२४ मध्ये तीन. आणि क्लीव्हलँड ब्राउन्स नावाचा संघ २०१५ ते २०१७ या तीन हंगामांत ४८ पैकी फक्त चार सामने जिंकला. ड्राफ्टमध्ये वरचे नंबर मिळत होते, पैसा सगळ्यांएवढाच होता, तरीही. क्लीव्हलँड, डेट्रॉइट, जॅक्सनव्हिल आणि ह्यूस्टन टेक्सन्स हे चार संघ सुपर बोलच्या मैदानावर आजवर एकदाही उतरलेले नाहीत.

क्लीव्हलँडचा तो आकडा लक्षात ठेवा. ४८ पैकी चार. त्याचा कबड्डीतला भाऊ पुढे भेटणार आहे.

बारा चिठ्ठ्या

प्रो कबड्डी २०१४ मध्ये आठ संघांनी सुरू झाली, २०१७ मध्ये बारा संघ झाले. आतापर्यंतच्या बारा हंगामांचे विजेते बघा. पाटणा पायरेट्स तीनदा, जयपूर पिंक पँथर्स आणि दबंग दिल्ली दोनदा, आणि यू मुम्बा, बेंगळुरू बुल्स, बंगाल वॉरियर्स, पुणेरी पलटण, हरियाणा स्टीलर्स एकेकदा. बारा हंगामांत आठ वेगळे विजेते. पाटण्याने २०१६ मध्ये दोनदा आणि २०१७ मध्ये एकदा अशी हॅट्‌ट्रिक केली, त्यानंतर कुणालाही लागोपाठ दोनदा कप नेता आलेला नाही.

आता एक खेळ करू. एका डब्यात संघांच्या नावांच्या चिठ्ठ्या टाका. पहिल्या चार हंगामांना आठ, नंतर बारा. दर हंगामाला एक चिठ्ठी काढा, नाव लिहा, परत डब्यात टाका. असं बारा वेळा केलं तर सरासरी किती वेगळी नावं निघतील? गणित करून पाहिलं, उत्तर येतं साधारण ७.७. प्रत्यक्षात आठ निघाली.

म्हणजे विजेत्यांच्या यादीवरून पाहिलं तर प्रो कबड्डी जवळजवळ चिठ्ठ्या काढण्याइतकी समतोल आहे! आयपीएलमध्येही २०२५ पर्यंतच्या १८ हंगामांत आठ वेगळे विजेते आहेत. पण तिथे मुंबई आणि चेन्नई यांनी पाच-पाच कप नेलेत, म्हणजे १८ पैकी १० दोघांतच. आणि १८ पैकी १२ फायनलमध्ये या दोघांपैकी किमान एक होताच. 'किती वेगळे विजेते' एवढंच मोजलं तर दोन्ही लीग सारख्या दिसतात, आणि तिथेच आपण फसतो.

कबड्डीच्या यादीतही असंच काहीतरी लपलंय. ते बघायला वरचं टोक सोडून तळाकडे जावं लागतं.

तेलुगू टायटन्स. आठव्या हंगामात २२ पैकी एक विजय, तळाला. नवव्या हंगामात दोन विजय, तळाला. दहाव्या हंगामात पुन्हा दोन विजय, पुन्हा तळाला. तीन हंगामांत ६६ सामने, पाच विजय. भेटला का क्लीव्हलँडचा भाऊ? सगळे संघ सारखेच ताकदवान असते तर ६६ सामन्यांत पाचच विजय मिळण्याची शक्यता जवळपास शून्य आहे. नाणं ६६ वेळा उडवून पाच वेळाच छापा येत नाही.

मग एकीकडे चिठ्ठ्या आणि दुसरीकडे हे, असं कसं? कारण कप शेवटी दोन-चार बाद फेरीच्या सामन्यांत ठरतो. आठव्या हंगामाची फायनल ३७-३६. नववी ३३-२९. दहावी २८-२५. बारावी ३१-२८. इतक्या फरकात एक चुकलेली पकड, एक बोनस, एक पाय रेषेबाहेर, आणि इतिहास बदलतो. त्यामुळे विजेत्यांची यादी संघांच्या ताकदीबद्दल कमी आणि एका रात्रीच्या नशिबाबद्दल जास्त सांगते. संघांची खरी उंची कळते ती दोन महिने चालणाऱ्या साखळी सामन्यांतून, आणि तिथे बरोबरी नाही.

'प्रत्येक मॅच शेवटपर्यंत कशी जाते' याचं उत्तरही इथेच घेऊन टाकू. गावच्या मातीवरच्या कबड्डीत पुढे असलेला संघ रिकाम्या चढाया करून वेळ काढू शकतो. प्रो कबड्डीत सलग दोन चढाया रिकाम्या गेल्या की तिसरी 'डू ऑर डाय', गुण नाही आणला तर चढाईपटू बाद. बचावात तीन किंवा कमी खेळाडू उरले असताना पकड केली तर 'सुपर टॅकल', एकाऐवजी दोन गुण. म्हणजे मागे पडलेल्याला वर यायला शिडी, पुढे असलेल्याला आरामात बसायला बंदी. टीव्हीसाठी हे झकास आहे. पण हा सामन्यातला समतोल झाला. दोन संघांमधला नव्हे.

सगळ्यांची पर्स सारखी, मग टायटन्सच का?

प्रो कबड्डीतही समतोलाचं मुख्य हत्यार पैशाची मर्यादा आहे. दहाव्या, अकराव्या आणि बाराव्या हंगामात प्रत्येक संघाची पर्स होती पाच कोटी रुपये. संघ अभिषेक बच्चनचा असो की आणखी कुणाचा, पाच कोटींपलीकडे जाता येत नाही. अमेरिकेसारखा ड्राफ्ट मात्र नाही. तळाच्या संघाला लिलावात वेगळी सवलत नसते, पहिल्याला आणि बाराव्याला पर्स सारखीच.

२०२३ च्या लिलावात टायटन्सने पवन सेहरावतला घेतलं. किंमत २ कोटी ६०.५ लाख. तोपर्यंतची लीगमधली सगळ्यात मोठी बोली. म्हणजे पर्सचा निम्म्याहून जास्त भाग एका माणसावर. उरलेल्या पैशात बाकीचा सगळा संघ. निकाल वर सांगितलाच, २२ पैकी दोन.

पवन वाईट खेळाडू आहे का? अजिबात नाही. सहाव्या हंगामात बेंगळुरूला कप मिळाला तो त्याच्या जिवावर, फायनलमध्ये एकट्याचे २२ गुण. पण तेव्हा तो महाग नव्हता. त्याच्या आदल्या वर्षी, नवव्या हंगामात, तमिळ थलैवाजने त्याला २ कोटी २६.५ लाखांना घेतलं, पहिल्याच सामन्यात त्याचा गुडघा गेला आणि तो संपूर्ण हंगाम बाहेर बसला. थलैवाज त्याच्याशिवाय उपांत्य फेरीत पोचले. आणि टायटन्स? बाराव्या हंगामात पवन संघात नव्हता, टायटन्सने थेट क्वालिफायर दोनपर्यंत मजल मारली.

प्रदीप नरवालचंही तेच. पाटण्याच्या तिन्ही कपांत तो होता, पाचव्या हंगामात एकट्याने ३६९ चढाई गुण. २०२१ मध्ये यूपी योद्धाने त्याला १ कोटी ६५ लाखांना घेतलं, तेव्हाचा विक्रम. यूपी आजवर एकदाही फायनलला गेलेली नाही.

पगारमर्यादा असलेल्या लीगचं गुपित यात आहे. तारा चमकतो तेव्हा त्याची किंमत बाजार वसूल करतो. फायदा त्याला होतो, ज्याने तो चमकायच्या आधी घेतला. अमेरिकेत पेट्रियट्सने टॉम ब्रॅडीला २००० च्या ड्राफ्टमध्ये १९९ व्या क्रमांकावर उचललं होतं. त्याच्या आधी १९८ मुलं निवडली गेली होती. पुढच्या सहा सुपर बोलचं बीज तिथे आहे. पगारमर्यादेने पैसा समान केला, नजर समान करता आली नाही.

आता पुणेरी पलटणकडे बघा. नवव्या, दहाव्या आणि बाराव्या हंगामात फायनल, म्हणजे चार वर्षांत तीन. दहाव्यात कप. त्यांनीही एका खेळाडूवर तुफान खर्च केला होता, इराणचा मोहम्मदरेझा शादलुई, २ कोटी ३५ लाख. जवळपास टायटन्सइतकाच जुगार. फरक उरलेल्या निम्म्या पैशात आहे. अस्लम इनामदार आणि मोहित गोयत यांना पुण्याने आठव्या हंगामात 'न्यू यंग प्लेअर' म्हणून लिलावाबाहेरून आणलं होतं. अस्लम नगर जिल्ह्यातला, आकाश शिंदे नाशिकचा. हे दोघंही २०२३ च्या हांगझोऊ आशियाई स्पर्धेत सुवर्ण जिंकलेल्या भारतीय संघात होते. म्हणजे देशाच्या संघातली पोरं पुण्याकडे तरुणपणीच्या भावात होती, म्हणून शादलुई परवडला.

शादलुईचा पुढचा प्रवास तर मजेशीर आहे. पुढच्या वर्षी हरियाणा स्टीलर्सने त्याला २ कोटी ७ लाखांना घेतलं आणि अकराव्या हंगामाचा कप नेला. मग सगळ्यांना वाटलं, हा माणूस म्हणजे कपाची हमी. बाराव्यात गुजरात जायंट्सने २ कोटी २३ लाख मोजले. गुजरात पहिल्या आठातही आली नाही. त्या लिलावातला दुसरा महागडा खेळाडू देवांक दलाल, बंगाल वॉरियर्स, २ कोटी २०.५ लाख. बंगालही पहिल्या आठाबाहेर. देवांकने आदल्या हंगामात पाटण्यासाठी ३०१ चढाई गुण मिळवले होते, पाटणा फायनलला पोचलं होतं. पाटण्याने चमकवला, आणि बाजाराने नेला. समतोलाची यंत्रणा नेमकी अशीच चालावी अशी रचना आहे, हे खरं. पाटण्याच्या चाहत्याला ते सांगून बघा.

जागेचाही एक मुद्दा आहे, ज्याबद्दल फार कमी बोललं जातं. बाराव्या हंगामाचे सामने विशाखापट्टणम, जयपूर, चेन्नई आणि दिल्लीत झाले. पुणे आणि मुंबईत एकही नाही. म्हणजे पुणेरी पलटण आणि यू मुम्बा संपूर्ण हंगाम पाहुणे म्हणून खेळले, आणि फायनल दिल्लीने दिल्लीत खेळली. यामुळेच दिल्ली जिंकली असं मी म्हणणार नाही, कारण अकराव्या हंगामाची फायनल पुण्यात होती. पण बारापैकी चारच संघांना घरचं मैदान मिळत असेल तर बरोबरीच्या गप्पा जरा हळू आवाजात माराव्यात.

बरोबरीची किंमत कोण देतं?

इथे आपण खऱ्या दुखऱ्या जागेवर येतो. पगारमर्यादा म्हणजे मालकांनी आपापसांत केलेला करार, की खेळाडूंना इतक्याच रुपयांत भागवायचं. चाहत्याला चुरस मिळते, मालकाला खर्चाची हमी मिळते. खेळाडूच्या बोलीला झाकण बसतं.

अमेरिकेत १९९४ मध्ये पगारमर्यादा आली ती सौद्यातून. खेळाडूंची संघटना आहे, तिने आधी संघ बदलायचं स्वातंत्र्य मिळवलं आणि मर्यादा लीगच्या कमाईशी बांधून घेतली. सध्याच्या करारात कमाईचा सुमारे ४८ टक्के वाटा खेळाडूंचा. लीग कमावते तशी मर्यादा वाढते. २०२४ मध्ये २५.५४ कोटी डॉलर, २०२५ मध्ये २७.९२ कोटी.

आपल्याकडे? आयपीएलच्या २०२३ ते २०२७ या पाच वर्षांच्या प्रसारण हक्कांतून बीसीसीआयला ४८,३९० कोटी रुपये मिळतात, वर्षाला साडेनऊ हजार कोटींच्या वर. २०२५ मध्ये एका संघाची मॅच फीसकट एकूण पगारमर्यादा सुमारे १४६ कोटी, दहा संघांची मिळून १,४६० कोटी. फक्त प्रसारण हक्कांशी तुलना केली तरी १५ टक्के. ऋषभ पंतचे २७ कोटी डोळ्यांत भरतात, हे १५ टक्के दिसत नाहीत.

प्रो कबड्डीचे पाच हंगामांचे प्रसारण हक्क २०२१ मध्ये सुमारे ९०८ कोटींना गेले. वर्षाला साधारण १८१ कोटी. बारा संघांच्या पर्स मिळून ६० कोटी, म्हणजे एक तृतीयांश. आयपीएलपेक्षा हे प्रमाण बरं दिसतं. पण त्यात प्रायोजकांचा पैसा धरलेला नाही. आणि हक्क घेणारी स्टार इंडिया हीच लीग चालवणाऱ्या मशाल स्पोर्ट्सची मोठी भागधारक होती, २०१५ मध्ये तिने ७४ टक्के हिस्सा घेतला होता. विकणारा आणि घेणारा एकाच घरातले असतील तर या किमतीवरून लीगची खरी कमाई किती, ते बाहेरच्याला कसं कळणार?

मालकांची बाजूही आहे. कबड्डीचे संघ चालवणं स्वस्त नाही. प्रवास, मुक्काम, प्रशिक्षक, फिजिओ हे सगळं पर्सच्या बाहेरचं. मान्य. पण सलग तीन हंगाम पर्स पाच कोटींवरच थांबली, आणि ती कशाच्या आधारावर ठरते हे खेळाडूंशी झालेल्या कुठल्याही सामूहिक करारात लिहिलेलं नाही, कारण असा करारच नाही. अमेरिकेचं झाकण आपण उचलून आणलं, त्याच्याबरोबर येणारा वाटा तिथेच राहिला.

लिलावात तळाच्या, म्हणजे ड गटातल्या खेळाडूची मूळ किंमत नऊ लाख. वर्षाला नऊ लाख वाईट नाहीत, गावाकडे तर नाहीतच. पण गुडघा गेला की करिअर संपतं अशा खेळात, दोन-तीन हंगामांचीच खात्री असताना, ते फारसेही नाहीत. म्हणूनच कबड्डीपटू अजूनही रेल्वे, पोलीस, बँक, सैन्यदलातली नोकरी आधी बघतात. ते लीगवर अविश्वास म्हणून नव्हे. घरचे तसंच सांगतात, आणि घरचे बरोबर असतात.

नवापूरच्या पोराचा संघ कुठला?

नवापूरचं रेल्वे स्टेशन तुम्ही रील्समध्ये पाहिलं असेल. सुरत-भुसावळ मार्गावरचं हे स्टेशन अर्धं महाराष्ट्रात, अर्धं गुजरातेत. तिकीट खिडकी महाराष्ट्रात, स्टेशन मास्तरचं ऑफिस गुजरातेत. एक बाक दोन राज्यांत, त्यावर बसून सगळे फोटो काढतात.

त्या बाकावर बसलेल्या पोराने कुठल्या संघाला पाठिंबा द्यायचा? सुरत शंभर-सव्वाशे किलोमीटरवर, पुणे चारशेच्या आसपास. नकाशा बघितला तर गुजरात जायंट्स जवळचे. भाषा बघितली तर पलटण किंवा मुम्बा. चाहता म्हणून ही निवड गमतीची आहे. खेळाडू म्हणून गंमत नाही, कारण तिथे त्याला निवडच नसते.

नंदुरबार जिल्ह्यात सुमारे ६९ टक्के लोकसंख्या आदिवासी आहे आणि कबड्डी, खो-खो इथल्या शाळांचे रोजचे खेळ. कबड्डीला लागतं काय? मैदान आणि माणसं. आदिवासी विकास विभागाच्या आश्रमशाळांच्या क्रीडा स्पर्धा प्रकल्प, विभाग, राज्य अशा पायऱ्यांनी होतात. शालेय स्पर्धांची पायरी वेगळी, तालुका, जिल्हा, मग नाशिक विभाग, मग राज्य. आणि राज्य कबड्डी असोसिएशनची तिसरीच, जिल्ह्याची निवड चाचणी, राज्य अजिंक्यपद, तिथून महाराष्ट्राच्या संघात, मग राष्ट्रीय स्पर्धा. तीन शिड्या आहेत, पण आश्रमशाळेत चमकलेला मुलगा तिसऱ्या शिडीवर आपोआप चढत नाही. त्याला तिथे कुणीतरी न्यावं लागतं. त्यात शाळेत माती आणि वरच्या पातळीवर मॅट. अनवाणी शिकलेले पाय बूट घालून मॅटवर वळवायला वेळ लागतो.

मुंबई-पुण्याच्या, ठाण्याच्या किंवा सांगली-कोल्हापूरच्या मुलालाही हेच करावं लागतं. पण त्याच्या आजूबाजूला क्लब आहेत, मंडळांच्या स्पर्धा आहेत, संध्याकाळी मैदानाबाहेर उभा राहून बघणारा एखादा जुना राष्ट्रीय खेळाडू आहे. हरियाणात ते गावोगाव आहे, म्हणून लिलावाच्या यादीत हरियाणाची नावं भरभरून असतात.

आता वरचं गणित इथे लावा. ज्या लीगमध्ये तारे विकत घेऊन कप मिळत नाही, तिथे शहाणा संघ न चमकलेले खेळाडू शोधत फिरायला हवा. म्हणजे पगारमर्यादेमुळे नवापूर, धडगाव, अक्कलकुव्याकडे बघण्याची गरज संघांना वाटायला हवी. पुणेरी पलटणने तरुण खेळाडूंची फळी उभी केली ती याच हिशेबाने. पण शोधाशोध स्वस्तात पडावी असंही प्रत्येकाला वाटतं, त्यामुळे निवड चाचण्या मोठ्या शहरांत होतात. पोराने तिथे जायचं. गाडीभाडं त्याचं, राहायची सोय त्याची, बुडालेले दिवस त्याचे. ऊसतोडीच्या हंगामात ज्या घरातली माणसं गुजरातेत कामाला जातात, त्या घराला हा हिशेब विचारा.

आणि मुलींचं तर बोलायलाच नको. आश्रमशाळेच्या मैदानावर मुलीही तेवढ्याच ताकदीने कबड्डी खेळतात. प्रो कबड्डीने २०१६ मध्ये तीन संघांचं महिला कबड्डी चॅलेंज घेतलं होतं. फायनल अवघ्या एका गुणाने सुटली, २४-२३. चुरस हवी होती ना? एवढी होती! पुढच्या वर्षापासून ते झालंच नाही. नोव्हेंबर २०२५ मध्ये ढाक्यात भारताच्या महिलांनी विश्वचषक जिंकला. पुरुषांच्या लीगमधल्या बारा संघांच्या बरोबरीवर आपण इतका वेळ घालवला, त्यांच्यासाठी प्रो कबड्डीच्या तोडीची लीगच नाही.

मग उत्तर काय?

प्रो कबड्डीत बरोबरी आहे का, तर कपासाठी आहे, साखळीत नाही. आणि बारा मालकांमध्ये आहे, खेळाडू जिथून येतात त्या जिल्ह्यांमध्ये नाही. 'सगळं सेट असतं' म्हणणाऱ्यांना एवढंच सांगता येईल की नियम उघडपणे सेट केलेले आहेत, आणि ते वाचायला मिळतात. जे वाचायला मिळत नाही ते म्हणजे लीगने किती कमावलं आणि त्यातलं किती खेळाडूंना गेलं. ग्रीन बेचा ताळेबंद नवापुरात बसून फोनवर वाचता येतो, आपल्याच लीगचा नाही.

२०२१ चा तो ९०८ कोटींचा करार आठव्या ते बाराव्या हंगामासाठी होता. बारावा हंगाम संपला. पुढच्या लिलावाच्या बातम्या येतील तेव्हा सगळे सर्वात मोठ्या बोलीचा आकडा शेअर करतील. त्याच बातमीत खाली कुठेतरी दोन आकडे असतील, नवी पर्स किती आणि ड गटाची मूळ किंमत किती. ते दिसले तर कमेंटमध्ये टाका.